आयता ताप

आमच्या घरातून वर्षातून एकदा इस्लापूरला एक डबा जातो. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरच्या कप्प्यात कापडात गुंडाळलेल्या शेंगाच्या पोळ्या. उदगीरहून नांदेडपर्यंत एक एसटी, पुढं दुसरी. डबा पोचला की आता तिकडं बदली झालेल्या पंचशीला सिस्टरचा फोन येतो. माझी खुशाली ती नंतर विचारते. आधी तिचा प्रश्न ठरलेला असतो, "अप्पा कसे हाईत? आयता ताप पुन्हा आला होता का?"

मी फोन कानापासून लांब धरते, कारण पलीकडच्या खोलीतून अप्पांचं उत्तरही ठरलेलं असतं. "तिला सांग, खरा होता! नव्व्याण्णव होता!"

अप्पा म्हणजे माझे सासरे, बसवराज. सासूबाई कमलम्मा, त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. आमच्या घरात निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड चालतं, अर्धं वाक्य ह्या भाषेतलं नि अर्धं त्या. मी लातूरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला कन्नडातल्या शिव्या आधी कळल्या, मायेचे शब्द बऱ्याच उशिरा. त्यातला एक शब्द मात्र पहिल्या दिवसापासून कानावर पडत होता. आयतु. आयतु म्हणजे झालं. स्वयंपाक झाला, आयतु. भांडण मिटलं, आयतु. पोरगं पडलं, रडायला लागलं, तर त्याला छातीशी धरून, आयतु आयतु. ह्या एका शब्दानं आमच्या घरात जो गोंधळ केला, तो सांगते.

गोष्ट दोन हजार एकवीसच्या जूनमधली. त्याआधी एप्रिलात अमरनाथकाका गेले. अप्पांचे धाकटे भाऊ. लातूरच्या दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून माती देतात. कपाळाला भस्म, हातावर लिंग, जसा काही तो पूजेलाच बसलाय. काकांना तेवढंही मिळालं नाही. अप्पांनी त्या दिवशी डोळ्यातून टिपूस काढलं नाही, पुढंही नाही. ओसरीवर काकांची एक खुर्ची असायची, तिच्याकडं पाठ करून बसायचे, एवढंच.

मी आणि आमचे हे, उमाशंकर, आम्ही दोघांनी लस घेतली होती. राहिले होते दोघं म्हातारे. अप्पांची मला तेवढी काळजी नव्हती, ते बहात्तराव्या वर्षीही खणखणीत. माझा जीव टांगणीला लागला होता तो अव्वांपायी. अंगात साखर, वर दमा. काकांना लातूरला नेताना मी गाडीत त्यांच्या उशाला बसले होते. त्यांचा श्वास कसा वाजत होता ते माझ्या कानातून जात नव्हतं. थंडीच्या दिवसांत अव्वांची छाती तशीच वाजते. रोज कुणी ना कुणी सांगायचं, अजून एक लाट येणार हाय. मी रात्री अंथरुणावर पडले की मोजायला लागायचे, पुढच्या थंडीला किती महिने राहिले.

सासू-सुनेचं आमचं गूळ-खोबरं होतं असं नाही. पण अठ्ठावीस वर्षं एका चुलीपुढं बसल्यावर भांडायलाही आपलं माणूस लागतं. ते माणूसच नसलं तर भांडायचं कुणाशी?

अव्वांनी एक अट घातली. "ह्यांना आधी द्या. ह्यांना सोसली तर मला सोसल."

मी म्हटलं, "अव्वा, मला सोसलीच की."

"तुझं काय सांगतीस! तू दगड खाल्लास तरी ढेकर देशील."

म्हणजे अप्पांना आधी चाखायला द्यायचं, आमटीतलं मीठ बघतात तसं. तरी मी खूश होते, कारण अव्वांनी ट्रंकेतून स्वतःचं आधार कार्ड काढलं आणि देवघरात भस्माच्या डबीखाली ठेवलं. मी रोज दिवा लावताना बघायचे, कार्ड आहे ना जागेवर.

अप्पा आज-उद्या करत राहिले. आज अमावस्या, उद्या गुडघा, परवा गर्दी असंल. त्यांचं असं का चाललंय हे मला कळत होतं, पण बोलायचं धाडस नव्हतं. मार्चात काकांना लशीला घेऊन गेले होते ते अप्पाच. स्कूटरवर, मागं बसवून. चौथ्या दिवशी काकांना ताप भरला आणि पंधराव्या दिवशी सगळं संपलं. गल्लीत लोक म्हणायचे, लशीनंच गेला. अप्पा ते ऐकायचे आणि मान खाली घालून घरी यायचे.

शेवटी एका मंगळवारी अव्वाच म्हणाल्या, "तुम्ही न्हाई गेलात तर मीबी न्हाई जाणार." मग अप्पांनी टोपी घातली.

शाळेतल्या एका वर्गात लस चालली होती. फळ्यावर अजून जुन्या वर्षाचा सुविचार, आणि खाली टेबल मांडून पंचशीला सिस्टर. नायगावकडची मुलगी, तिशीतली, तोंडावर मास्क, वर घामानं भिजलेलं कपाळ. दारात टोकनवरून नुसती हमरीतुमरी. मी चपला आणि पिशव्या सांभाळत दाराशी उभी राहिले, अव्वा अप्पांबरोबर आत गेल्या.

पुढं जे मी पाहिलं ते असं. अप्पांनी बाही वर केली. डोळे घट्ट मिटले, दात दातावर. अव्वांनी पदर डोळ्यांवर ओढला. सिस्टरनं दंडाला कापूस लावला. तेवढ्यात दारातल्या दोघांची जुंपली म्हणून मी मान वळवली, आणि परत बघते तर अप्पा खुर्चीतून खाली घसरलेले. सिस्टर आणि अव्वा दोघींनी त्यांना बाकावर निजवलं, पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं. अव्वा पदरानं वारा घालत होत्या आणि एकसारखं म्हणत होत्या, "आयतु री, आयतु. आयतु." री म्हणजे अहो.

अप्पांनी डोळे उघडले. "आयतु?"

"आयतु."

लस घेतल्यावर अर्धा तास थांबायचं असा नियम होता. अप्पा अर्धा तास बाकावर पडून राहिले. तोवर मी ॲटो बोलावला, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही घरी आणलं. सिस्टरपुढं पन्नास माणसं उभी होती, तिनं मान वर करूनही बघितलं नाही.

ॲटोतच अप्पा म्हणाले, "दंड जड झालाय."

घरी आल्यावर बाजेवर पडले. तासाभरात डोकं ठणकायला लागलं. मग अंग मोडून आलं. मग हीव वाजायला लागलं, जूनच्या उकाड्यात दोन घोंगडी. मी दर दहा मिनिटांनी त्यांच्या कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, "अजून तरी न्हाई ताप." आता आठवलं की वाटतं, ह्या 'अजून तरी'नंच निम्मा ताप चढवला असंल.

उरलेला निम्मा शेजारच्या केवळाबाईनं. ती भिंतीवरून मान काढून उभी. "वहिनी, जीभ बघा. काळी पडली का? माझ्या नणंदेच्या दिराची पडली होती."

"तो पान खातो, केवळाबाई."

"तरी बघा. आणि डावा पाय गार पडला का तेबी बघा."

अप्पांनी आतून विचारलं, "काय म्हणायली ती? पाय?" आणि पाच मिनिटांत त्यांचा डावा पाय गार पडला.

संध्याकाळी हे मोंढ्याच्या बाजारातून आले, थर्मामीटर लावला. "नव्व्याण्णव. अप्पा, काही न्हाई हो. उन्हातून चालून आलं तरी एवढा भरतो."

"तुझं यंत्र बिघडलंय," अप्पा म्हणाले.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. खरी वाट लागली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याची पूजा करायची, रोज, अंघोळ झाल्याबरोबर, पाण्याचा घोट घ्यायच्या आधी. अप्पांनी ती पूजा कधी चुकवली नव्हती. काका गेल्याचा फोन आला त्या सकाळीसुद्धा नाही. त्या दिवशी ते पाटावर बसले, डावा हात पुढं केला आणि हात थरथर कापायला लागला. दोनदा प्रयत्न केला. मग हळूच म्हणाले, "न्हाई होत. हात उचलंना गेलाय."

अव्वा दारात उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं. देवघरात गेल्या, भस्माच्या डबीखालचं आधार कार्ड उचललं, ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

मी मागं मागं. "अव्वा, अहो दोन दिवसांत बरं होईल त्यांचं."

"ज्या हातावर देव घेते तो हात मी सुईला देणार न्हाई. पुन्हा हा विषय काढू नको, वर्षा." रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला आशा होती. अव्वांचा राग दुपारपर्यंत उतरतो. हे शांत बोलणं उतरणारं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहिले. चुलीवर दूध उतू गेलं तेही मला कळलं नाही.

तेवढ्यात बाहेर वट्ट्यावर कुणीतरी हाक मारली. "वहिनी, जरा बाहेर येता का?"

पंचशीला सिस्टर. खांद्याला पिशवी, ड्युटीवर निघालेली. चेहरा उतरलेला. मला वाटलं, बाटलीतच काहीतरी भलतं निघालं.

"अप्पा कसे हाईत?"

"पडलेत. डोकं, अंग, हात, सगळंच धरलंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. "हात? कोणता?"

"डावा. टोचला तोच."

सिस्टर वट्ट्यावर मटकन बसली. "वहिनी, चूक झाली माझी. अप्पांना सुई लागलीच न्हाई."

"म्हणजे?"

"मी कापूस लावला अन् ते घसरले. सुई माझ्या हातातच राहिली. म्हटलं शुद्धीवर येऊ दे, मग देऊ. दारात तर भांडणं चाललेली, पुढचा येऊन बसला, त्याच्यापुढचा... अन् मी बघते तर बाकावर अप्पा न्हाईत. मला वाटलं लघवीला गेले असतील. शेवटी एक डोस उरला. त्या दिवसांत डोस कधी उरतो का, वहिनी? तवा ध्यानात आलं. तो दारातल्या एका म्हाताऱ्याला दिला. रात्रभर मला झोप न्हाई."

आतून अप्पांचं कण्हणं ऐकू आलं. लांब, दुःखी, दोन घोंगड्यांखालून आलेलं.

मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं माझ्याकडं. मला हसू फुटलं ते थांबवायला मी पदर तोंडात कोंबला, आणि सिस्टर मास्कच्या आत हसत होती हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. दोघींच्या डोळ्यांतून पाणी. केवळाबाईनं भिंतीवरून मान काढली. आम्हाला तसं बघून तिला काय वाटलं देव जाणे, ती हळूच मान आत घेऊन गेली.

हसू ओसरल्यावर मला अव्वांच्या कमरेची किल्ली आठवली. मी सिस्टरचा हात धरला. "एक काम करा. तापाची सुई म्हणून आत्ताच लस देऊन टाका. कुणाला कळायचं न्हाई. उद्या ते बरे होतील, अव्वा बघतील, आणि सगळं सुरळीत होईल."

तिनं हात सोडवून घेतला नाही, पण मान हलवली. "लस काय माझ्या पिशवीत असते का, वहिनी? अन् असती तरी मी दिली नसती. खोटी सुई मी देत न्हाई. अन् खरी सुई खोटं सांगूनबी देत न्हाई. उद्या कळलं तर ह्या गल्लीत माझ्या हातची सुई कोण घेईल?"

"मग त्यांना सांगणार? अहो, गावात हसं होईल त्यांचं. ते तर मरतीलच."

"हसं कामून होईल? चूक माझी हाय." ती उठली. "चला आत."

आमच्या घरात बाहेरचं माणूस सहसा ओसरीच्या पुढं येत नाही. कोण कुठवर येतं आणि का, हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलून दाखवत नाही. सिस्टर सरळ अप्पांच्या बाजेपाशी गेली. अव्वा उशाशी बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.

"अप्पा, मी पंचशीला. काल शाळेत होते ती. माफी मागायला आले." आणि तिनं सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, एक शब्द न लपवता.

अप्पा हळूहळू उठून बसले. घोंगडं खांद्यावरून खाली पडलं.

"लागलीच न्हाई?"

"न्हाई."

"मग आयतु म्हणाली कोण?"

सगळ्यांनी अव्वांकडं बघितलं. अव्वा दोन्ही हात उडवून म्हणाल्या, "मी सुईचं कुठं म्हणाले! तुम्ही पडलात, म्हणून म्हटलं, आयतु, भिऊ नका. सुई लागली का न्हाई मला काय ठाऊक? मी डोळे मिटून घेतले होते की!"

सिस्टर म्हणाली, "अव्वा, मला कन्नड येत न्हाई. मला वाटलं तुम्ही 'आयतं, आयतं' म्हणायलात. म्हटलं, एवढ्या गर्दीत अप्पांना आयतं निजायला मिळालं म्हणून चेष्टा करायल्या असतील."

मला पुन्हा हसू यायला लागलं होतं, पण अप्पांचा चेहरा बघून गिळलं. ते आपल्या डाव्या दंडाकडं बघत होते. बाही वर करून तिथं टोचल्याची खूण शोधत होते.

"म्हणजे मी नाटक केलं," ते म्हणाले. "बहात्तर वर्षांचा माणूस. पूजा मोडली मी, नाटक करून."

"न्हाई, अप्पा." सिस्टर त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसली. "डोकं दुखलं ते खरं. हीव वाजलं ते खरं. हात कापला तोबी खरा. फक्त ते लशीचं न्हाई. लेकीला बघायला पाहुणे यायचे असले की आईचं पोट बिघडतं, ते नाटक असतं का? मन भ्यालं की अंग आधीच कामाला लागतं. मी रोज बघते ना. सख्ख्या जावा, एकच बाटली, एकच दिवस. एक भीत भीत येती, ती तीन दिवस अंथरुणात. दुसरीच्या घरी लगीनघाई, तिला टोचल्याचं ध्यानातबी राहत न्हाई. लस तीच. येताना मनात काय घेऊन आलं, त्याचाबी त्रास अंगावर निघतो."

अप्पांनी बाही हळूहळू खाली केली.

"तुम्ही काय घेऊन आला होता, अप्पा?"

तिनं हे इतक्या साधेपणानं विचारलं, जसं दवाखान्यात विचारतात, नाष्ट्याला काय खाऊन आलात. आणि अठ्ठावीस वर्षांत मी जे बघितलं नव्हतं ते झालं. अप्पांचा खालचा ओठ थरथरला.

"अमरला मीच नेलं होतं," ते म्हणाले. "तो न्हाई म्हणत होता. म्हणाला, दादा, पुढच्या आठवड्यात जाऊ. मी म्हटलं, बस गाडीवर, भित्रा कुठला. त्याला मी भित्रा म्हटलं." त्यांनी दंड घट्ट धरला. "त्याच खुर्चीवर बसलो काल. तशीच खुर्ची. कापूस लागला अन् मला वाटलं, आता माझा नंबर. अन् वाटलं, बरंच झालं."

अव्वांनी तोंडावर हात धरला.

सिस्टरनं विचारलं, "काकांना ताप कवा आला?"

"चौथ्या दिवशी."

"अप्पा, लस अंगात रुजायला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत ती काय करणार? अन् तो आजार अंगात शिरल्यावर ताप यायला पाच-सहा दिवस जातात. म्हणजे गाडीवर बसायच्या आधीच तो त्यांच्या अंगात असणार. लशीनं न्हाई नेलं त्यांना. तुम्ही तर न्हाईच न्हाई. तुम्ही त्यांना छत्री द्यायला गेला होता, छत्री उघडायच्या आधीच ते भिजलेले होते."

अप्पा रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे, नाक वाहत. दोन महिन्यांचं एकदम. अव्वा बाजेवर त्यांच्याजवळ बसल्या, पाठीवर हात फिरवायला लागल्या, आणि सवयीनं तोंडात शब्द आला, "आय..." तिथंच त्यांनी जीभ चावली. सिस्टरकडं बघितलं. "आता म्हणू का?"

"आता म्हणा," सिस्टर म्हणाली, "आता चालंल."

अप्पा रडता रडता हसले. मग सगळेच.

थोड्या वेळानं ते उठले, पुन्हा अंघोळ केली आणि पाटावर बसले. डावा हात पुढं केला. हात स्थिर होता. अव्वा दारातून बघत होत्या. पूजा संपेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ट्रंक उघड. आणि त्या पोरीला असं उपाशी नको पाठवू." सिस्टर ओसरीकडं निघाली होती, तर तिला म्हणाल्या, "तिकडं कुठं? इकडं आत ये, चुलीपाशी. चहा गार होतो तिकडं नेईपर्यंत." ओसरी स्वयंपाकघरापासून दहा पावलं आहे. चहा काही गार होत नाही. पण मी पाट मांडला.

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा त्याच वर्गात. अव्वा खुर्चीत आधी बसल्या. "बावन्न वर्षं ह्यांच्या मागनं चालले. ह्यांना आधी पाठवून काय झालं ते बघितलं. आता मी पुढं." आणि उजवा दंड पुढं केला. "ह्या हाताला दे. डावा देवाचा."

"देते की," सिस्टर म्हणाली. "लशीला डावं-उजवं कळत न्हाई."

अव्वांनी डोळे मिटले नाहीत. सुई आत जाताना टक लावून बघितली. म्हणाल्या, "ह्या वेळी मी साक्षीदार."

मग अप्पा बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अमर भित्रा नव्हता." कुणाला उद्देशून नाही. सिस्टरनं कापूस लावला. मी त्यांच्या मागं, घसरले तर धरायला. अव्वा शेजारी, दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून, चुकून शब्द निघू नये म्हणून. सुई आत गेली, बाहेर आली, कापसाचा बोळा दाबला. सिस्टरनं अव्वांकडं बघून मान हलवली.

"आयतु!" अव्वा एवढ्या जोरानं म्हणाल्या की दारातली रांग गप्प झाली.

केवळाबाई त्या रांगेत पाचवी होती. तिनं कुणाला काही विचारलं नाही, पण रांगही सोडली नाही.

अप्पांना काही झालं नाही. ताप नाही, हीव नाही, दंडही दुखला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दंड दाबून बघितला, दोनदा बघितला, आणि जरा खट्टू झाल्यासारखे वाटले. "लागली का पण ही?"

"लागली, अप्पा. त्रास न झाला तरी लागते. सिस्टर म्हणाल्या ना."

ताप आला अव्वांना. खरा, एकशे एक. उजवा दंड सुजला, अंग ठणकलं. मी घाबरून सिस्टरला फोन लावला.

"गोळी दिली का? पाणी पाजत राहा. दम लागला तर मात्र लगेच दवाखान्यात न्यायचं. उद्यापर्यंत उतरंल ताप. अव्वा घाबरल्यात का?"

मी खोलीत डोकावले. अव्वा उशीला टेकून बसल्या होत्या, कपाळावर ओली घडी. सकाळची पूजा तापातच झाली होती, डाव्या तळहातावर. श्वास वाजत नव्हता. मी तो कान देऊन ऐकला. भिंतीपलीकडच्या केवळाबाईला त्या मोठ्यानं सांगत होत्या, "हाव, एकशे एक! कामाला लागलीय म्हणे आत. करू दे की काम, मी काय म्हणायले?"

"न्हाई घाबरल्या," मी फोनवर म्हटलं. ह्या मुलीला काय म्हणावं मला सुचेना. थँक्यू वगैरे आमच्यात कुणी म्हणत नाही, जीभ अडखळते. चूक लपवायला तिला एक दिवस पुरला असता. गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं. अप्पा बिनलशीचे राहिले असते, अव्वा ट्रंकेच्या कुलपाआड, आणि मी थंडीचे महिने मोजत. ती पिशवी खांद्याला लावून आमच्या वट्ट्यावर आली, आणि चूक झाली म्हणाली. आज अव्वा त्र्याहत्तराव्या वर्षी माझ्याशी भांडतात, ते मला त्या एका वाक्यामुळं ऐकायला मिळतं.

शेवटी मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला शेंगाची पोळी आवडते का?"

"लई."

"मग डबा पाठवते."

फोन ठेवून आत आले तर अप्पा बाजेच्या पायथ्याशी बसलेले. आमच्या घरात पाय दाबायचे ते बायकांनी, आणि दाबून घ्यायचे ते पुरुषांनी. अप्पा अव्वांचा पाय मांडीवर घेऊन दाबत होते. कसा दाबायचा ते काही त्यांना येत नव्हतं. कणीक तिंबावी तसा तिंबत होते. मला बघून जरा ओशाळले, हात आखडता घेतला.

"आयतु?" त्यांनी अव्वांना विचारलं.

अव्वांनी डोळेही उघडले नाहीत. "कुठं आयतु? अजून दुसरा पाय राहिलाय."